आता पाठवू नका

सावंगी (मेघे)
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय पौर्णिमा,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे, गुडघाही सध्या शांत आहे. तुमच्याकडे समुद्रपूरला कापूस वेचणी जोरात असेल. इथल्या रस्त्यानंही कापसाच्या गाड्या जातात, आणि दुपारी वाऱ्यावर पांढरे पुंजके तरंगत माझ्या अंगणात उतरतात. फोन सोडून पत्र काऊन, असं म्हणशील. फोनवर तू मधेच हसतेस, आणि माझं सांगायचं राहून जातं.

तुझ्या धम्मदीपनं नोकरी लागल्याचं पत्र मला मेलनं पाठवलं होतं, ते परत गेलं ना? माझा इनबॉक्स जाहिरातींनी गच्च भरला होता. साड्या, विमा, फ्लॅट, सहली. मी रोज पुसायचे, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच हजर. शेवटी शेजारच्या रूपरावजींना दाखवलं. एस.टी.तून निवृत्त झालेत, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दिवाळीत त्यांनी तुला संत्री दिली होती बघ.

"सिस्टर, नुसतं पुसून काय होते?" ते म्हणाले. "खाली बारीक अक्षरात अनसबस्क्राईब लिहिलं राह्यते. तिथं दाबून एकेकाले सांगा लागते, बापा, मले आता पाठवू नको."

तेव्हापासून ते दुपारी येतात. व्हरांड्यात खुर्च्या टाकून आम्ही एकेक मेल उघडतो. बंद करण्याआधी ते ती मोठ्यानं वाचतात. म्हणतात, एवढ्या लांबून आली, ऐकून तर घ्या. 'विशाखाजी, समुद्राकाठचं घर तुमची वाट पाहत आहे.' मग आम्ही त्या घरात जरा वेळ राहतो. खिडकी कोणत्या बाजूला, कुंड्या कुठे, लाटांचा आवाज झोपू देईल का. एकदा काश्मीरला बोटीत बसलो होतो. त्यांना थंडी सोसत नाही, म्हणून मी मनातल्या मनात स्वेटर विणायला घेतला. डोळे मिटले की ऊन अंगावर पाण्यासारखं हलायचं. मग ते बटण दाबायचे, आणि घर, बोट, समुद्र, सगळं हळूच निघून जायचं.

स्वप्नं बघायला दवाखान्याच्या वॉर्डातून फुरसत मिळाली नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे सोबत नव्हती.

धम्मदीपचं पत्र आता पोचलं, वाचलं. परवा इनबॉक्स उघडला तर एकच मेल. रूपरावजींनी बोटानं पडदा वरखाली सरकवून पाहिला.

"उद्या कायीच येणार नाई," ते म्हणाले. "मंग मी कोणत्या कामानं येऊ?"

मी ती मेल उघडली. तू माझं नाव विवाहमंडळात घातलं होतंस, आणि मी रागानं कितीतरी दिवस तुझ्याशी बोलले नव्हते, ते आठवतं? ही मेल त्या मंडळाचीच, अजून स्थळं पाठवतात. आजवर त्यांची मेल मी रूपरावजींसमोर उघडली नव्हती.

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, बंद करण्याचं कारण काय? मेल फार येतात. स्थळं पसंत नाहीत. जोडीदार मिळाला.

त्यांचं बोट वरच थांबलं. "सिस्टर, कोणतं दाबू?"

"द्या इकडे," मी म्हटलं, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

ते चष्मा काढून रुमालानं पुसत बसले. मग म्हणाले, "चहा ठेवता का, विशाखाबाई?"

मला नावानं हाक मारायला इथे कुणी उरलं नव्हतं गं. सगळ्यांची मी सिस्टर.

काल त्यांनी आपल्या मुलीला फोन करून सांगितलं. माझ्याकडून सांगायचं माणूस म्हणजे तू. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, तुझी शाळा, तुझं लग्न मीच ठरवलं. आता तुझ्याकडे परवानगी मागताना विचित्र वाटतंय, तरी मागते. पुढच्या महिन्यात विहारात साधेपणानं लग्न करायचं म्हणतोय. हसू आलं तर हस, रडू आलं तर रड, पण पुढच्या रविवारी येजो. तू समोर असलीस की मला भीती वाटणार नाही.

तुझी, पण आता फक्त तुझीच नसलेली,
विशाखाताई