गोगलगायींची चौकशी

शनिवार, सहा तारीख

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचं सगळं फोनवर बोलता येत नाही. तुझा फोन आला की आई काहीतरी निमित्त काढून माझ्या शेजारी येऊन बसते, आणि घे, बोल म्हटलं की मान फिरवते.

आधी तुझ्या गोगलगायी. आईशी भांडून घर सोडलंस तेव्हा ती काचेची टाकी माझ्या गळ्यात मारून गेलीस. मी त्यांना आपल्या प्यायच्या फिल्टरचं पाणी घालत होते. म्हटलं, स्वच्छ राहतील. तर कवचं पांढरी पडली, त्यांना खड्डे पडले. टाकीच्या दुकानातला म्हणाला, "या पाण्यात क्षार उरत नाहीत, कवच झिजणारच. कॅल्शियम टाका," आणि लगेच एक महागडी डबी पुढे सरकवली. असल्यांना मी ओळखत नाही होय? घरी येऊन आईसमोर त्याचा यथेच्छ उद्धार केला आणि काहीच केलं नाही.

तरी कवचं सुधारली. जुने खड्डे तसेच, पण तोंडाशी नवी कड आली, तपकिरी, गुळगुळीत. तुला सांगितलं तेव्हा तू खूश झालीस. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. या घरात आपोआप बरं होणारं काही नाही, तुला माहीत आहे.

त्यातच आईच्या हाडांचा रिपोर्ट आला, आधीपेक्षा वाईट. डॉक्टर म्हणाले, आता पडल्या तर पुन्हा उभं राहणं कठीण. गोळ्या घेता ना? आई म्हणाली, हो हो. मी आधी औषधवाल्यावर घसरले, बनावट माल देतोस म्हणून. मग आईला सांभाळायला येणाऱ्या मावशींवर डोळा ठेवला. आणि एक दिवस टाकीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली. म्हटलं, सापडली चोरी! कंटाळा करून गोळ्या पाण्यात टाकतात बाई.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर दाराआड उभी राहिले. मावशींनी गोळी दिली, आई वर पाणी प्यायली. मावशी कपडे वाळत घालायला गेल्या. आई वॉकर सरकवत टाकीपाशी आली, गालातून गोळी काढली आणि अलगद पाण्यात सोडली.

"आई!"

"ओरडू नकोस. दचकून आत जातात त्या."

"अगं, ती तुझ्या हाडांची गोळी आहे."

"त्यांनाही तेच लागतं ना? तूच सांगितलंस."

"आणि तू पडलीस म्हणजे?"

तिने टाकीच्या काचेवर बोट टेकवलं. म्हणाली, "ती फोन करते तो यांच्यासाठी. या मेल्या तर कशाला करेल?"

मला तुझा राग आला, तिचा आला, त्या गोगलगायींचासुद्धा आला. मग रडू आलं.

आता ती माझ्यासमोर गोळी गिळते आणि मी तोंड उघडायला लावते. टाकीसाठी ती डबी आणली. दुकानदार हसला. मनात काय होतं त्याच्या, देव जाणे.

राहता राहिलीस तू. माझा तुझ्यावरही संशय आहे. दर फोनला गोगलगायींचं विचारतेस आणि मी सांगायला लागले की तुझं लक्ष नसतं. परवा मी मुद्दाम म्हटलं, एक मेली. (मेली नाही, सगळ्या ठणठणीत आहेत.) तू म्हणालीस, "बरं. ताई, मागे खोकतंय कोण?"

ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार आहेस? पुढच्या वेळी फोन आईला कर. ती मान फिरवेल. तरी बोल.

औषधवाला, मावशी, दुकानदार, माझे सगळे संशय खोटे निघाले. हा एवढा एक खरा ठरव.

तुझी,
शंकेखोर ताई