नुसतं मिठाचं पाणी

३ मार्च
आले एकदाची! खोली लहान, पण लख्ख. खिडकीतून फाटक दिसतं. मधुमेहावरच्या नव्या हार्मोनची चाचणी, बारा रुग्ण, सहा महिने मुक्काम. माझं काम दर दोन तासांनी बोट टोचून साखर मोजायची. मोठ्या सिस्टर इतक्या गोड बोलतात, की म्हटलं, आधी तुमचीच साखर मोजते. हसल्या मात्र नाहीत. चिमीला फोन केला. सहा वर्षांची पोर, शहाण्यासारखी बोलली.

७ मार्च
इंजेक्शनने भूक मरते, साखर उतरते. आकडे दृष्ट लागण्यासारखे! डॉक्टर म्हणाले, तुलनेला निरोगी माणसंही लागतात. तुम्हाला दर तीन दिवसांनी नुसतं मिठाचं पाणी टोचू. आपल्या बापाचं काय जातंय? सही केली.

११ मार्च
पाच नंबरचे मास्तर, घरी सोडा म्हणून पहिल्या दिवसापासून डोकं खायचे. आज त्यांची मुलगी आली. भेटणाऱ्यांना वर सोडत नाहीत, रुग्णाने खाली उतरायचं. मास्तरांना दोनदा सांगितलं. "असू दे," म्हणाले, आणि भिंतीकडे बघत बसले. पोरगी तासभर थांबली. जाताना डोळे पुसत होती.

१३ मार्च
डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, माणूस रुळला. मोठ्या सिस्टरना विचारलं, तुम्ही घरी कधी जाता? कुणाच्या घरी, म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, मलाही मिठाचंच पाणी होतं.
माझा डबा सकाळपासून तसाच आहे.

१४ मार्च
भूक नाही. काल चिमीला फोन करायचा राहिला. राहिला नाही — करावासा वाटला नाही. आज स्वतःला ढकलून केला. चिमीच्या बाबांना म्हटलं, उद्याच न्यायला या. ते घाबरले. बरं झालं.

१५ मार्च
सकाळी पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेले. उघडं होतं. वॉचमन म्हणाला, जा की ताई. परत कधी फिरले, कळलं नाही.
दुपारी फोन आला, गाडी बंद पडली, उद्या येतो. बरं, म्हटलं.

१६ मार्च
इंजेक्शन नको, हे सांगायला गेले. बाही मीच वर केली.

दुपार
दोघं आलेत. खिडकीतून दिसतात. चिमी हाका मारतेय, आई, ए आई. जायचंय. पाय —
लिहितेय म्हणजे हात चालतो. मग पाय का —

हाका थांबल्या. बरं वाटलं.
बरं का वाटलं? ऊठ. अगं, ऊठ ना. तुझीच पोर —
फाटकाकडे वळलेत. ओरड. खिडकी उघडून नुसतं —

असू