बिनविरोध

४ ऑगस्ट, सोमवार
बी.ए. तृतीय वर्ष, राज्यशास्त्र. संघर्षाचं प्रकरण सुरू केलं. वर्गात अकरा जण, त्यातले दोन झोपेत. जुने पंडित म्हणायचे, शहरात दोन तट पडले की शहर बुडतं. पुढे कोणीतरी उलट मांडलं: वरच्यांच्या आणि खालच्यांच्या भांडणातूनच बरे कायदे निघतात. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "और सर, जहाँ झगड़ा है ही नहीं?" मी म्हणालो, "वहाँ देखो, कौन चुप बैठा है." स्वतःवर खूश होत स्टाफरूममध्ये आलो, चहा मागवला.

संध्याकाळी बापूसाहेबांचा फोन. या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. आवाज नेहमी प्रसाद वाटत असल्यासारखा. "सर, शालिनी मेश्रामनं अध्यक्षपदाचा अर्ज भरला म्हणे?" म्हणे कशाला? मी सचिव, अर्ज माझ्याच कपाटात आहे. मंडळ निघाल्यापासून एकदाही निवडणूक झालेली नाही. केवढा अभिमान आम्हाला त्याचा! दरवर्षी गणपतीच्या पत्रिकेवर छापतो.

५ ऑगस्ट
बा.सां.कडे बैठक. सहा जण, सगळे शहरातले, सगळ्यांचे पणजे कुठल्या ना कुठल्या दरबारात कारकून. पोहे. 'फॅक्टरीवाल्यांना' अचानक काय झालं, यावर तासभर चर्चा. जात कोणी उच्चारली नाही. आमच्यात उच्चारतच नाहीत. फॅक्टरीवाले म्हटलं की सगळ्यांना कळतं. ते दरवर्षी चौदा एप्रिलला हॉल मागतात आणि नेमका त्याच आठवड्यात हॉलला चुना लागतो. तसं कळवणारा फोन मीच करतो.

बा.सा. म्हणाले, "तुमची जुनी विद्यार्थिनी ती. तुमचं ऐकेल. परवापर्यंत नाव मागे घेता येतं."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यात पोह्यांचा घास घातला.

६ ऑगस्ट
घरी मंजूनं विचारलं, "तुम्ही जाणार आहात तिच्याकडे?"
"पाहतो."
"वर्गात तर मोठे वाघ असता." आणि भाजी निवडायला बसली.

शालिनी काय म्हणेल ते ठाऊक आहे. सर, तुम्हीच तर शिकवलं होतं. त्यावर उत्तर तयार केलं: संघर्षालाही वेळकाळ असतो, गणपती तोंडावर, वगैरे. तीन मुद्दे. चक्क कागदावर काढले.

७ ऑगस्ट
गेलो. शालिनीच्या वडिलांनी, मेश्रामकाकांनी, फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झाल्यावर पनागर रोडला घर बांधलं, तिथं. शालिनी शाळेत शिकवून नुकतीच आली होती, मुलांच्या वह्या टेबलावर. काका बनियनवर होते, मला पाहून आत गेले आणि शर्ट घालून आले. "या न सरजी! काहून उभे राहिले? बसा, बसा." स्वच्छ खुर्ची पुन्हा पुसली. चहा झाला, चिवडा झाला. नको नको म्हणत असताना काका स्कूटर काढून खोव्याची जलेबी आणायला गेले. सत्तरी उलटलेला माणूस.

ते गेले तेवढ्यात बोलून घेतलं. "देखो शालिनी, मंडल टूटना नहीं चाहिए. लोग हँसेंगे कि मराठी आपस में ही लड़ रहे हैं. अगले साल अध्यक्ष तुम ही. बिनविरोध. मेरी ज़िम्मेदारी."

असं मला कोणीही सांगितलं नव्हतं. बोलता बोलता सुचलं आणि बोलून टाकलं.

ज्या प्रश्नाची तयारी करून गेलो होतो तो तिनं विचारलाच नाही. काका परतल्यावर दोघं आत गेले, थोडा वेळ बोलले. मग ती बाहेर आली आणि माघारीच्या कागदावर सही केली. निघताना काकांनी उरलेली जलेबी डब्यात भरून दिली. मंजूला सांगितलं, कॉलेजात कोणाचा तरी वाढदिवस होता.

१० ऑगस्ट, रविवार
वार्षिक सभा. उभा राहून वाचलं: अध्यक्षपदी बापूसाहेब, बिनविरोध. टाळ्या. फॅक्टरीकडचं कोणी आलं नव्हतं, एकटे मेश्रामकाका. शेवटची रांग, इस्त्रीचा शर्ट. तेही टाळ्या वाजवत होते. नजरानजर झाली तर मला हात जोडले.

मला पुढचा ठराव सापडेना. तीनदा कागद उलटसुलट केले.

सभेनंतर बा.सां.ना बाजूला घेतलं. पुढच्या वर्षी शालिनीचं नाव घ्यावं लागेल, मी शब्द दिलाय. ते मनापासून हसले. "कोणी द्यायला सांगितला होता? पुढच्या वर्षी देशपांड्यांचं ठरलंय न." मग पाठीवर थाप. "पण काम चोख केलंत, सर."

११ ऑगस्ट
वर्ग. प्रकरण पुढे नेता आलं नाही. नोट्स उतरवून घ्या म्हणालो आणि खिडकीपाशी उभा राहिलो. मागच्या बाकाकडे पाहिलं नाही.

१३ ऑगस्ट
काल जाणार होतो, गेलो नाही. आज जाणार होतो, डोकं दुखलं. दुखलं म्हणजे, दुखतंय असं मंजूला सांगितलं.

१४ ऑगस्ट
शेवटी गेलो. काका घरी नव्हते, बरं वाटलं. दारातच सांगून टाकलं, शालिनी, पुढच्या वर्षीचं जे बोललो ते खोटं होतं, मला तसा काही अधिकारच नव्हता.

"माहीत होतं, सर."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही आपल्या लोकांशी मराठीत बोलता. खोटं बोलायचं असलं की हिंदीत जाता. हॉलला चुना लागून राहिला, हे पण फोनवर हिंदीतच सांगता दरवर्षी." रागानं नाही बोलली. एखाद्याची सवय सांगावी तसं.

"मग सही काहून केली?"

"बाबांमुळं. म्हणाले, सर पहिल्यांदा आपल्या घरी आले, त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवून राहिली तू?"

बावीस वर्षांची ओळख. याच घराच्या वास्तुशांतीचं बोलावणं आलं होतं, तिच्या लग्नाचं आलं होतं. एकदाही गेलो नाही; दरवेळी काहीतरी निघालं. पहिल्यांदा गेलो तो तिचा अर्ज काढून घ्यायला, आणि त्यांनी तो पाहुण्याला द्यावा तसा दिला. मी घेतला. वर जलेबी घेतली.

येताना सगळ्या रस्त्यात एकच डोक्यात. वर्ग तर मी तीस वर्षं हिंदीतच घेतो.

१५ ऑगस्ट
कॉलेजात झेंडावंदन. प्राचार्यांनी मला लोकशाहीवर दोन शब्द बोलायला सांगितले. घसा बसलाय म्हणालो.

२० ऑगस्ट, बुधवार
शालिनी कॉलेजात आली, स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत. हातात अर्ज: विशेष सभा बोलवा, अध्यक्षपदासाठी मतदान घ्या. मागे सह्यांची पाच पानं. पहिली सही काकांची, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेलं. माझी सही तिनं मागितली नाही. मागितली असती तर केली असती, असं लिहावंसं वाटतंय. पण ते मला माहीत नाही.

"चलो सर, पोच द्या."

दिली. तारीख टाकून, सहीशिक्क्यानिशी. नियमानं सचिवानं पंधरा दिवसांत सभा बोलवायची. ती धन्यवाद म्हणून गेली. शेजारचे मिश्राजी म्हणाले, "क्या मामला है?" मी म्हणालो, "कुछ नहीं."

संध्याकाळी बा.सां.ना फोन लावला. "बोला, सर." लाउडस्पीकरच्या परवानगीबद्दल बोललो. मांडवाबद्दल बोललो. यंदा मोदक कोणाकडून करून घ्यायचे, त्यावर बराच वेळ बोललो. त्यांनी तब्येतीला जपा म्हणून फोन ठेवला. अर्जाचं तोंडातून निघालंच नाही.

२१ ऑगस्ट
आजही नाही. पंधरातला एक दिवस गेला.