एक किल्ली, एक माणूस

सोमवार, ८

लेकीचा फोन. नात पावलं टाकायला लागलीय, बघायला या म्हणाली. रात्रभराचा रेल्वेप्रवास, आम्ही दोघंच. पण अट घातलीय. हा प्रवास धड झाला तर यापुढे केव्हाही या. काही गोंधळ झाला, तर पुढच्या खेपेपासून जावई न्यायला येणार. म्हणजे त्याला रजा मिळेल तेव्हा. म्हणजे वर्षातून एकदा. यामागे जावयाचंच डोकं दिसतंय. माणूस फार गोड बोलतो.

खालचे बर्थ काढलेत. उतरल्यावर व्हीलचेअरही सांगून ठेवलीय. ती हिच्यासाठी असणार. हिचा गुडघा दुखतो. माझा फक्त वाजतो.

संकल्प: रोज चालणे. औषधं हाताशी. अनोळखी माणसाच्या हातचं खायचं नाही. शांत राहणे.

मंगळवार, ९

चालायला सुरुवात. पोस्टापर्यंत जायचं ठरवलं होतं. निम्म्या वाटेवर एक कुत्रं माझ्याकडे बघत बसलं होतं. बघण्याची पद्धत आवडली नाही. रिक्षाने परत आलो. उद्यापासून नियमित.

बुधवार, १०

बॅगेसाठी साखळी आणि कुलूप आणलं. दुकानदार म्हणाला, प्रवासाला बारीक साखळी पुरे. कमी पैशांचा माल घ्या म्हणणारा दुकानदार जन्मात पाहिला नव्हता. काहीतरी काळंबेरं असणार. सगळ्यात जाड घेतली. ही म्हणाली, म्हैस बांधायचीय का.

कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या. एक ही मागत होती. दिली नाही. किल्ली दोघांकडे असली की जबाबदारी कोणाचीच नाही. एक किल्ली, एक माणूस. दुसरी कपाटात टाकली.

चालणं झालं नाही. साखळी उचलून आणली, तोच व्यायाम.

गुरुवार, ११

लेक, डॉक्टर आणि ही, तिघंही म्हणतात औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. तिघांचं एकमत झालं की मला शंका येते. चोर आधी हातातलीच पिशवी ओढतो. औषधांची डबी मोठ्या बॅगेत टाकली. डबीला सात वारांचे सात कप्पे. शनिवारी पोचणार, म्हणजे रविवारचा कप्पा रिकामा. त्यात किल्ली. कुलूप लावायला किल्ली लागत नाही, दाबलं की बसतं. औषधांच्या डबीत कोणता चोर हात घालेल?

शुक्रवार, १२. गाडीत, संध्याकाळ

समोर एक टोपीवाला. चाळिशीचा. आल्याआल्या काका-काकू सुरू. बॅगा सीटखाली सरकवून देऊ का म्हणाला. वजनाचा अंदाज घ्यायचा असणार. वर हिने आपण कुठे उतरणार तेही सांगून टाकलं. तो आमच्या आधीच्या स्टेशनला उतरतो म्हणे. म्हणजे आम्ही झोपेत असताना. हिला हे कळत नाही.

त्याने बिस्किटं पुढे केली. मी नाही म्हणालो. हिने दोन खाल्ली. अर्धा तास हिच्यावर लक्ष ठेवून होतो. काही झालं नाही. मग मीही एक खाल्लं, तपासणी म्हणून.

सीटखाली साखळी अडकवायची कडीच तुटलेली. पण मी डोकं चालवलं. तो तोंड धुवायला गेला तेवढ्यात वाकून आमच्या दोन्ही काळ्या बॅगा एकमेकींना बांधल्या. साखळी चेनच्या कड्यांतून, हँडलमधून, आणि कुलूप. एक बॅग कोणीही पळवेल, जोडी कशी पळवणार? आता रात्रभर टोपीवाल्यावर नजर. झोपणार नाही.

शनिवार, १३. गाडीत, सकाळ

डोळा लागला असावा. उठून बघतो तर टोपीवाला वाकून आमची बॅग ओढतोय. रंगेहाथ सापडला. चोर चोर म्हणून ओरडलो. अख्खा डबा जमला, टीसी आला. टोपीवाला म्हणाला, बॅग माझी आहे, माझं स्टेशन आलंय.

टीसीने टॉर्च मारला. साखळीत दोन बॅगा. एक माझी, एक टोपीवाल्याची. हिची बॅग हिच्या उशाशी. काल चढल्यापासून तिथेच होती म्हणे. मग मला सांगायला काय झालं होतं?

टीसीने किल्ली मागितली. किल्ली डबीत, डबी बॅगेत, बॅगेला कुलूप. हे समजावून सांगताना मलाच घाम फुटला. तेवढ्यात गाडी सुटली. टोपीवाल्याची मुलगी त्याला न्यायला आली होती, ती फलाटावरच राहिली. त्याने तिला फोन केला आणि हसत हसत काहीतरी सांगितलं. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

सकाळची गोळीही बॅगेतच. हिने पर्समधून माझी गोळी काढली. वेगळी पट्टी आणली होती तर, मला न विचारता. घेतली.

शनिवार, लेकीच्या घरी

व्हीलचेअरवर बसलो, हिच्या आग्रहाखातर. जोडलेल्या बॅगा कोणाला एकट्याला उचलेनात, म्हणून माझ्या मांडीवर ठेवल्या. शेजारून टोपीवाला आपल्या बॅगेचं हँडल धरून चालत होता. पुढे ही, स्वतःची बॅग घेऊन, ताठ. अशी आमची वरात लेकीसमोर आली.

घरी जावयाने साखळी कापली. जाड असल्यामुळे फार वेळ लागला. टोपीवाल्याला जेवू घातलं आणि जावई त्याला गाडीने सोडायला गेला. निघताना टोपीवाल्याने माझा हात हातात घेतला, तब्येतीला जपा काका म्हणाला. तो गेल्यावर मी मनगटावर घड्याळ आहे का पाहिलं. होतं. मग मला स्वतःचीच लाज वाटली.

रविवार, १४

रविवारचा कप्पा उघडला. किल्ली जागच्या जागी. म्हणजे जागा सुरक्षितच होती.

नात सोफा धरून चार पावलं चालते. पाचवं पाऊल माझ्या दिशेने टाकलं आणि बसली. लेक तेवढ्यात निकाल देऊन गेली. आईने केव्हाही यावं, एकटीने आली तरी चालेल. बाबांना मात्र न्यायला माणूस येईल.

ही म्हणाली, माणूस कशाला, मी आणत जाईन त्यांना. जसं काही मी सामानच. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं.

परतीसाठी जावयाने नवी साखळी आणलीय, बारीक. दोन किल्ल्या. दोन्ही हिने पर्समध्ये टाकल्या. मी एक मागितली. ही म्हणाली, एक माणूस पुरे.