अंगणातल्या पेवावरची सरकारी मोहोर

प्रति,
मेहेरबान धान्य पुरवठा अधिकारीसाहेब,
मुक्काम नगर.

अर्जदार : भागूबाई भ्रतार मयत कारभारी तापकीर, राहणार बोरखडी, तालुका कर्जत.

विषय : मोहोरबंद पेवातील कुजलेली ज्वारी शिलकेतून कमी करून पेव बुजविण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : मयत गहिनीनाथ कारभारी तापकीर याचे नावे आलेली लेव्हीची नोटीस.

महोदय,

अर्जदार बाईस लिहिता येत नाही. तिने सांगितलेली हकीकत मिशन शाळेचे मास्तर शमुवेल शांतवन यांनी लिहून विनयपूर्वक सादर केली आहे, ती अशी :

१. गेल्या साली पावसाने दगा दिला आणि रब्बीची ज्वारी कणसात येण्याआधीच वाळली. तरी पीक बरे असल्याचा अंदाज लिहिला जाऊन लेव्ही, म्हणजे सरकारात सक्तीने घालावयाचे धान्य, बसली. बाईच्या घरी आदल्या सालची ज्वारी अंगणातील पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, होती. ती खाण्यापुरती आणि बियाण्यापुरतीच होती.

२. चैत्रात लेव्हीचे पथक आले व पेव तत्काळ उघडण्याचा हुकूम झाला. बंद पेवात विषारी हवा साठते, म्हणून तोंड उघडून दिवसभर थांबतात व दिवा सोडून पाहतात. बाईने हात जोडून सांगितले, "साहेब, आधी दिवा सोडा. दिवा इझला तर मानूस उतरवायचा न्हाई." पथकाच्या कारकुनांना संध्याकाळच्या आत पुढचे गाव गाठावयाचे होते. न उतरल्यास साठेबाज म्हणून चावडीवर नेऊ, असे त्यांनी बजावले. बाईने मुलगा गहिनीनाथ याचा हात धरून ठेवला होता. तो सोडवून घेत गहिनीनाथ म्हणाला, "आये, बेडी पडली तर पेरनी कोन करील?" आणि दोर कमरेला बांधून तो उतरला. खालून त्याचा आवाज आला नाही. दोर ओढून त्याला वर काढले, तेव्हा श्वास थांबलेला होता.

३. पथकाने त्यानंतर कोणास खाली उतरविले नाही. पेवावर फळी टाकून मोहोर केली आणि ज्वारी 'घरी शिल्लक' अशी नोंद केली. घरी धान्य शिल्लक असल्याने रेशनकार्ड मिळत नाही, असे दुकानदाराने सांगितले. मोहोर काढावी म्हणून बाई कर्जतेस गेली, तेव्हा ज्यांनी केली त्यांच्या समक्षच ती निघेल असे उत्तर मिळाले. त्या कारकुनांची बदली झाली आहे. काष्टीच्या बाजारात ज्वारी झाकून विकतात आणि तो भाव ऐकूनच बाई परत फिरली. मास्तरांचे कुटुंब मरियाबाई आपल्या कार्डावरील, बोटीने आलेल्या लाल मिलो ज्वारीतून ओंजळभर देत. तेवढ्यावर दोन लेकरांची पोटे भरेनात, म्हणून सून विजयमाला त्यांना घेऊन माहेरी गेली. तिने सासूलाही चला म्हटले. बाई गेली नाही.

४. आषाढात फळीच्या फटींतून पाणी शिरले. ज्वारी कुजली, अंगणात दुर्गंधी सुटली. श्रावणात गहिनीनाथचे नावे नोटीस आली की, त्याने लेव्ही का घातली नाही याचा खुलासा स्वतः हजर राहून करावा. बाई पोलीस पाटलांनी दिलेला मुलाच्या मृत्यूचा दाखला घेऊन कचेरीत गेली. बाकी धान्य जमा झाल्याशिवाय मयताचे नाव कमी होत नाही, असे तिला सांगण्यात आले.

५. आता ती ज्वारी सरकारच्या कामाची नाही, माणसाच्या नाही, गुरांच्याही नाही. फळीही कुजत आली आहे. गल्लीतील मुले अंगणातून पळतात, म्हणून बाई दिवसभर पेवाजवळ बसून असते. मजुरीस गेली तर पेव राखणार कोणी नाही, आणि न गेल्याने घरात चूल पेटत नाही.

सबब, कुजलेली ज्वारी शिलकेतून कमी व्हावी. बियाणे परत मागावे असे मास्तरांनी सुचविले होते, परंतु पेरणारा राहिला नाही म्हणून बाईने ते लिहू दिले नाही. रेशनकार्डाविषयी साहेबांच्या मर्जीस येईल ते करावे, न मिळाले तरी तिची तक्रार नाही. मोहोर मोडल्याचा गुन्हा न लागता त्या पेवात माती लोटण्याची परवानगी तेवढी मिळावी. माती ती स्वतः वाहील.

हुकुमाची वाट पाहणारी,
भागूबाई भ्रतार मयत कारभारी तापकीर
(निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची)

बोरखडी, तारीख ९ सप्टेंबर १९४६

सोबत : पोलीस पाटलांनी दिलेला मृत्यूचा दाखला.