वैनीला अजून सांगितलं न्हाई

ता. २६ जानेवारी १९३६

घर विकायचं ठरवलं. दलाल बिलकुल नको. कचरू दलालाला कसा वास लागतो कुणास ठाऊक, सकाळीच ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, बद्रीनाथराव, घर विकणं म्हंजे म्हैस विकणं न्हाई. मी म्हटलं, बारा वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये क्लार्क आहे, भल्याभल्या व्यापाऱ्यांशी बोलतो. तुझं कमिशन मला कशाला? फुकटचा चहा पिऊन गेला.

प्लॅन असा. जालना सोडायचं, औरंगाबादला जायचं. सासऱ्यांनी तिथल्या जिनिंगमध्ये हेडक्लार्कची जागा बघून ठेवलीय. द्वारका आधीच माहेरी जाऊन बसलीय, दोन खोल्याही तिनंच बघितल्या. दोन खोल्यांत दोन माणसं, असं निघताना तिनं मला स्पष्ट बजावलं.

राहता राहिली वैनी. माय गेली तेव्हा मी चार वर्षांचा. वैनीनंच वाढवलं. दादा गेल्यापासून तिला माझ्याशिवाय कुणी न्हाई. तिची व्यवस्था बराबर करायची. कशी, ते ठरायचंय. पण करायची हे ठरलं, म्हंजे अर्धं काम झालंच.

उद्या तिला सांगायचं.

ता. २७

न्हाई सांगितलं. भरीत केलं होतं. खाताना असलं बोलू नये.

ता. ३ फेब्रुवारी

आज नक्की सांगणार होतो. एकादशी निघाली. उपाशी माणसाला काय सांगायचं? उद्या ती जेवलेली असेल. पण जेवली की ती लवंडते. लवंडलेल्याला उठवून सांगण्यासारखी ही बात न्हाई. परवा.

ता. ६

पहिलं गिऱ्हाईक! रायभान, कापड दुकानवाला. असं फिरवलं त्याला घरभर, की दलालानं शिकावं. माळवदावर नेऊन हवा दाखवली. आडाचं पाणी पाजलं. एक घोट घेऊन म्हणाला, यात मीठ टाकता का? मी म्हटलं, पचनाला चांगलं असतं.

मंग चुलीकडं बोट करून विचारलं, ही बाई कोण? वैनी म्हटलं असतं तर लगेच पुढचा सवाल आला असता, मंग ती कुठं जाणार? त्याचं उत्तर तयार नव्हतं. बिझनेसमध्ये अडखळून चालत न्हाई. म्हटलं, भाडेकरीण आहे. महिन्याभरात खोली खाली करून देईल.

वैनी पाठमोरी होती. ऐकलं नसावं.

रात्री भाकरीचा वास आला, ताट आलं न्हाई. आत गेलो तर वैनी एकटीच जेवून राह्यली होती. मी म्हटलं, माझं ताट? म्हणाली, मालक, भाडेकरीण कुठं घरमालकाला जेवू घालती का?

मालक! जन्मात मला बद्र्याशिवाय हाक मारली न्हाई तिनं. गंमत करत असेल. स्वभावच तसा तिचा.

ता. ८

गंमत अजून चालू. दोन दिवस शेव-चुरमुऱ्यांवर आहे.

आज म्हणाली, मालक, माळवदावर माती टाकून घ्या, पावसाळ्यात माझी खोली गळती. मी म्हटलं, दरसाल टाकतोच की आपण. म्हणाली, आपण न्हाई, मी टाकते. आता भाडेकरीण कशाला टाकंल?

खरंच, तीच टाकायची. मी खालून बघायचो.

ता. १२

दुसरं गिऱ्हाईक. अंबडचे धर्मराज वकील. वैनीला देवळात पाठवायचा प्लॅन होता. गेली न्हाई. उलट पदर खोचून स्वतःच पुढं आली आणि म्हणाली, साहेब, मी इथली भाडेकरीण, तीस सालं झाली. मालक काय, घर विकून मोकळे होतील. मी खरं ते सांगते. असं म्हणून त्यांना घरभर फिरवलं. माझ्यापेक्षा चांगलं. आड मचूळ, मागली भिंत ओली, फळीखाली सापाचं बीळ. नाग न्हाई, धामण हाय, पण असती बारा महिने.

वकिलांनी हसत विचारलं, आणि मालक कसा आहे? म्हणाली, वाईट न्हाई. फकस्त भितो.

वकील दुपारच्या गाडीनं गेले.

भितो! मी? नीट विचार करून बोलणाऱ्याला लोक भित्रा म्हणतात. लाज वाटली, पण थोडीच. इथं लिहून टाकली म्हंजे जाईल.

ता. १३

गेली न्हाई.

ता. १५

शेजारच्या साळूबाईनं आडावर वैनीला विचारलं, का गं कडूबाई, घर विकून राह्यले म्हणे? वैनी म्हणाली, मला काय ठावं माय, मी भाडेकरीण. अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला खबर. साळूबाई आता मी दिसलो की तोंड फिरवते. आज जिनिंगमध्ये एक हमाल येऊन म्हणाला, क्लार्कसाहेब, तुमची खोली भाड्यानं मिळती म्हणे, काय भाडं? सगळे हसले. मीही हसलो. हसलं की माणूस मोकळ्या मनाचा दिसतो.

ता. १८

आज माफी मागायची, असं पक्कं ठरवून घरी गेलो. वाटेत वाक्यही पाठ केलं. तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, वैनी, पोट दुखतंय. खोटं न्हाई, दुखतच होतं, शेव खाऊन. तिनं हातातलं काम टाकलं, ओवा आणून दिला. घ्या मालक, म्हणाली.

ओवा हातातच धरून बसलो. लहानपणी पोट दुखलं की मांडीवर घेऊन चोळायची. असलं काही लिहायचं न्हाई असं ठरवलंय, तरी लिहिलं.

ता. २०

कचरूकडं गेल्तो. असंच, बाजारभाव विचारायला. तो म्हणाला, घराला काय धाड भरलीय, घर ठीक हाय. पण तुमी गिऱ्हाइकाला म्हणता भाडेकरीण, अन् सारा जुना जालना म्हणतो तिनं याला हातावर वाढवला. जो वैनीला भाडेकरीण म्हणतो, तो घराच्या हद्दीबद्दल काय काय थापा मारंल? कोण घेईल तुमच्याकडून?

मी म्हटलं, तू फार बोलतोस. कमिशन कबूल करून आलो. बिझनेसमध्ये माणूस लवचिक असावा.

वैनीला उद्या सांगायचं. तिला माहीत झालंय हे खरं, पण मी सांगितलेलं न्हाई.

ता. २४

कचरूनं गिऱ्हाईक आणलं. मल्हारी, पिंपळगाव रेणुकाईकडचा, घोंगड्यांचा व्यापारी. बाप मेंढरं राखायचा. असल्या माणसावर इंप्रेशन कसं मारायचं ते मला बराबर माहीत. कोट घातला.

त्यानं कोटाकडं बघितलं न्हाई, घराकडं न्हाई. पायरीवर बसला आणि वैनीला विचारलं, माय, हे घर गेलं तर तुमी कुठं जाणार?

वैनीनं हातातलं काम खाली ठेवलं. कचरूनं माझ्याकडं बघितलं.

मंग वैनी म्हणाली, आजवर कुणी इचारलं न्हाई, बाबा.

तेव्हा मी बोलायला पायजे होतं. एक शब्द. मान खाली घालून कोटाची बटणं बघत बसलो.

मल्हारी म्हणाला, मी अर्धं साल बाजार फिरतो. बायको पोटुशी हाय, शहरात तिचं कुणी न्हाई. घरात वडीलधारं माणूस पायजे. तुमी ऱ्हाणार असाल तर घर घेतो, न्हाईतर दुसरं बघतो. हे सगळं तिला सांगितलं. घराचा मालक मी.

वैनीनं त्याला विचारलं, तिला कितवा चालू हाय?

ता. २ मार्च

कागद झाला. भाव मल्हारी म्हणाला तोच. मी ताणलं न्हाई, ताणायला तोंड नव्हतं. म्हंजे घशाला जरा त्रास होता.

एकंदरीत प्लॅन यशस्वी. घर विकलं, वैनीची व्यवस्थाही झाली. व्यवस्था करणार असं मी पहिल्याच दिवशी लिहिलंय. मल्हारी फक्त निमित्त.

ता. ७

निमित्त कसलं? मी काही केलं न्हाई. एवढ्या दिवसांत एक खरं वाक्य तिच्याशी बोललो न्हाई.

आता ठरलं. वैनीला औरंगाबादला न्यायचं. द्वारका काय म्हणायचं ते म्हणो. उद्या टांगा दारात उभा करायचा आणि सांगायचं, चल. विचारायचं न्हाई, सांगायचं.

ता. ८, स्टेशनवर

टांगा दारात उभा केला. वैनी ओसरीवर, कालच बिऱ्हाड घेऊन आलेल्या मल्हारीच्या बायकोच्या डोक्याला तेल लावून राह्यली होती. मी म्हटलं, वैनी, चुकलं माझं. चल माझ्यासंगं. ऊठ.

अखेर बोललो. बरं वाटलं. डोळ्यांत पाणीही आलं. माझ्याच.

तिचा हात थांबला. म्हणाली, द्वारकाला इचारलं का?

मी म्हटलं, न्हाई अजून. गेल्यावर सांगणार आहे.

कधी? म्हणाली.

मी म्हटलं, योग्य वेळ बघून.

ती रागावली न्हाई. रागावली असती तर मी पाय धरले असते. तिनं परत तेल चोळायला घेतलं. त्या पोरीला म्हणाली, मान अशी घे, बाळा. मंग हात पुसून आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला. दारी आलेल्या पाहुण्यापुढं ठेवतात तसा. म्हणाली, उन्हाचे निघालात, पाणी पिऊन जावा.

तहान नव्हती. तरी तांब्या संपेस्तोवर घोट घोट पीत राहिलो. तेवढा वेळ ओसरीवर बसता आलं. टांगेवाला बाहेरून हाका मारून राह्यला होता.