बाराच्या खेळातलं नववं रीळ

अण्णा, परवा दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला. आई पोराला घराबाहेर काढते तो. सून म्हणाली, "क्लासिक आहे आई, बसा ना." मी म्हटलं, क्लासिक कसलं डोंबलाचं! तरी बसले. मला जुन्या सिनेमांचं कौतुक नाही, हे तुम्हाला ठाऊकच होतं. त्यातले निम्मे नुसते रडून रडून मोठे झालेत. आणि हल्लीचे? कॅमेरा एका जागी थांबत नाही, कुणी हातातला चहा पुरा पीत नाही, आणि शेवटी जो तो आपल्या मनात काय होतं ते भाषण करून सांगतो. सून हसते, म्हणते तुम्ही लिहायला हवं होतं. का लिहिलं नाही ते तिला कधी सांगितलं नाही. तुमची अब्रू राखली असं समजा.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. तुम्ही सांगलीच्या थेटरात मशीन चालवणारे ऑपरेटर, आणि मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. लहानपणी केबिनमध्ये स्टुलावर उभं करून त्या चौकोनी भोकातून तुम्हीच मला सिनेमा दाखवलात, ती खोड तुम्हीच लावलीत. मोठी झाल्यावर केबिन बंद. संध्याकाळचे खेळही बंद. "पोरीच्या जातीनं बाराच्या खेळाला यायचं, उजेडात घरी जायचं," हा नियम तुमचाच. मी बाराच्या खेळाला बायकांच्या बाकावर बसून पाहायचे आणि गावातल्या साप्ताहिकात सिनेमावर लिहायचे. दर आठवड्याला अर्धं पान. अण्णा, ते अर्धं पान म्हणजे माझं सगळं होतं. त्यापुढं मला लग्न, नोकरी, काही दिसत नव्हतं.

त्या सिनेमावर मी तुटून पडले. आई पोराला थोबाडीत मारून हाकलते आणि लगेच पुढच्या दृश्यात त्याला शेजारी बसवून भाकरी वाढते! मधे काही झालंच नाही? दिग्दर्शकाला प्रेक्षक खुळे वाटतात काय, असं मी लिहिलं. छापायला देण्याआधी तुम्हाला वाचून दाखवलं. स्वयंपाकघरातला तो सकाळचा उजेड मला अजून दिसतो. तुम्ही पाटावर बसून जेवताय, आई तव्यावर भाकरी फिरवतेय, मी उंबऱ्यात उभी. तुम्ही शेवटपर्यंत ऐकता. घास तोंडातच राहतो. मग म्हणता, "झ्याक लिव्हलंयस." एवढंच. आणि ताक मागता.

दोन आठवड्यांनी साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारांचं पत्र छापून आलं. तोवर सिनेमा तिकडे लागला होता. लेखिका बाई मधेच शेंगा खायला बाहेर गेल्या होत्या काय, असं त्यांनी विचारलं होतं. आई पोराच्या मागं गावभर फिरते, त्याच्या पाया पडते, ते आम्हाला दिसलं, त्यांना का नाही? कॉलेजात पोरं मला बघून शेंगा फोडायला लागली. मैत्रिणीला घेऊन मी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेले. तिथल्या थेटरात ते सगळं होतं. आई फिरते, गाणं म्हणते, पाया पडते. मैत्रीण डोळे पुसत होती आणि मी बोटांवर रिळं मोजत होते. कारण मी ऑपरेटरची मुलगी. काय झालं ते मला तिथंच कळलं.

घरी आले तो तुमचा सुट्टीचा दिवस, तुम्ही पायरीशी सायकल पुसत होता. मान वर न करता सांगितलंत. माधवनगरच्या गिरणीतले कामगार बाराच्या खेळाला यायचे, दुसऱ्या पाळीच्या भोंग्याआधी त्यांना पोचायचं असायचं. म्हणून मालकाच्या हुकमानं लांबड्या सिनेमातलं एक रीळ तुम्ही त्या खेळाला गाळायचात, संध्याकाळी अख्खा दाखवायचात. कोणतं गाळायचं ते तुमच्यावर सोपवलेलं. ह्या वेळी नववं. "आजवर कुनाच्या ध्यानात बी आलं न्हाई," म्हणालात, आणि त्यात थोडा ताठाही होता.

"मग मी वाचून दाखवलं तवा का गप बसलासा?"

"पिच्चर देनाऱ्या कंपनीला कळलं आस्तं तर मालकानं माझ्यावर ढकललं आस्तं, नोकरी गेली आस्ती. त्या मशीनवर घर चालतंय. तुझ्या लिवण्यावर काय चालतंय?"

संपादकांना एकट्यात तरी सांगा, म्हणून मी रडले. "न्हाई जमायचं," म्हणालात आणि चाक पुसत राहिलात. संपादकांनी माझं अर्धं पान बंद केलं. आधी सिनेमा पुरा बघायला शिका, म्हणाले. मी खाली मान घालून ऐकून घेतलं, कारण खरं सांगितलं असतं तर तुमचं मशीन गेलं असतं. तुम्ही माझ्यासाठी तोंड उघडलं नाही, मी तुमच्यासाठी मिटून घेतलं.

पान बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही भडंगाचा पुडा आणलात, माझ्या आवडीचं, भरपूर लसूण घातलेलं. माझ्यापुढं ठेवलात आणि नुसते उभे राहिलात. 'चुकलं' एवढा शब्द काही तोंडातून निघाला नाही. तुमच्यादेखत मी हात लावला नाही. रात्री खेळ सुटल्यावर घरी येऊन विचारलंत तेव्हा म्हणाले, शेजारच्या म्हशीला घातलं. तुमचं तोंड एवढंसं झालं, आणि मला बरं वाटलं. त्यानंतर मी सिनेमावर एक ओळ लिहिली नाही, आणि तुम्ही जाईपर्यंत तुमच्याशी त्यावर एक शब्द बोलले नाही.

परवा ते रीळ पुन्हा पाहिलं. भिकार आहे, अण्णा. नुसती रडारड. सूनसुद्धा मधेच उठून गेली. ते नसलं तर सिनेमा चांगला आहे. आई हाकलते, मग भाकरी वाढते, बोलत काही नाही, पोरगं मुकाट्यानं खातं. कोणतं रीळ गाळायचं हे तुम्हाला बरोबर कळत होतं. हे सिनेमा बघणारी बाई म्हणून सांगते. मुलगी म्हणून माझा राग आहे तिथंच आहे, आणि हा कागद कुठं पाठवायचा नाही म्हणूनच एवढं तरी लिहिलं.

पण म्हशीला काही घातलं नव्हतं. तुम्ही सायकलवरून बाराच्या खेळाला गेलात आणि मी दार लावून सगळं भडंग एकटीनं खाल्लं. पुड्याच्या तळाशी राहिलेल्या शेंगदाण्यांसकट.